आठ हजारांचा फोन आणि दोन पावसाळे

मालगुंडला पाहुणा येतो तो एक तर केशवसुतांचं स्मारक बघायला, नाहीतर गणपतीपुळ्याचं दर्शन आटपून गायवाडीच्या किनाऱ्यावर जरा निवांत बसायला. परतताना आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी घेतो आणि पैसे द्यायच्या वेळी विचारतो, “स्कॅनर आहे ना?” या एका प्रश्नापायी गावातल्या बऱ्याच घरांत टचचा फोन शिरला. आमच्या शेजारच्या आत्यांकडेही तो असाच आला. आत्या निवृत्त अंगणवाडी सेविका. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, हंगामात कोकमाचा आणि फणसाचा माल करून विकतात, घरची थोडी कलमं आहेत ती बघतात. त्यांचा भाचा रत्नागिरीत मोबाइल दुरुस्त करतो. आत्यांचा जुना फोन कायमचा बंद पडला, तेव्हा नवा कोणता घ्यावा यावरून दोघांची पडवीत चांगलीच जुंपली. आत्या म्हणत होत्या, सात-आठ हजारांचा टचफोन मला भरपूर झाला. भाचा म्हणत होता, त्या भावाचा फोन म्हणजे पैसे पाण्यात. एक वापरणारी, दुसरा उघडून बघणारा. दोघांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं, म्हणून ते इथे देतो.

भाचा : आत्या, सरळ दोन वाटा आहेत. बोलण्यापुरता हवा असेल तर दीड हजाराचा बटणांचा घे, चार-चार दिवस चार्जिंगला लावायला नको. टचचाच हवा तर बारा-तेरा हजार घाल. मधला सात-आठ हजारांचा मात्र घेऊ नको. तो घेणारा माणूस वर्षा-दीड वर्षाने माझ्या टेबलापुढे उभा असतो.

आत्या : म्हणजे तुझं दुकान त्याच्यावरच चालतं. मग कुरकुर कसली करतोस?

भाचा : गिऱ्हाइकांवर चालतं. तुला तिथे ताटकळत बसवायला मला नाही आवडणार.

आत्या : बटणांच्या फोनाचं काढूच नको. पाहुण्याला खोलीचे फोटो त्याच्यावरून कसे पाठवू? वाट कळत नाही म्हणून जाकादेवी गावातून फोन करतात, त्यांना लोकेशन कुठून देऊ?

भाचा : पैशांचं तरी होतं त्याच्यावर. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्चमध्ये साध्या फोनांसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं. इंटरनेट लागत नाही, फोन लावून पैसे पाठवायचे.

आत्या : पाठवायचे! मला घ्यायचे असतात. आणि आले की नाही, ते पाहुणा पायरीवर उभा असतानाच बघायचे असतात. तो गाडीत बसल्यावर कळून काय उपयोग? ते राहू दे. सात-आठ हजारांच्या फोनात एवढं वाईट काय असतं ते सांग.

भाचा : पहिलं म्हणजे खोकं खोटं बोलतं. वर छापलेलं असतं, ‘८ जीबी रॅम’. बारीक अक्षरात असतं ‘४ अधिक ४’. त्यातले चार खरे. उरलेले चार स्टोरेजमधून उसने घेतलेले. रॅम म्हणजे फोनाची हाताशी असलेली जागा. ती भरली की फोन सामान मागच्या कोठारात टाकतो आणि लागेल तेव्हा पुन्हा ओढून आणतो. स्वस्त फोनात ते कोठारही संथ जातीचं असतं, त्यामुळे उसन्या रॅमचा फायदा नावापुरता. कॅमेऱ्याचं तसंच. मागे तीन गोल दिसतात. त्यातला एक कॅमेरा, बाकीचे बहुतेक शोभेचे.

आत्या : मला कुठे सिनेमा काढायचाय?

भाचा : आणि तिसरं ‘५जी’. २०२४ च्या नोव्हेंबरात रेडमीचा ए४ हा ५जी फोन साडेआठ हजारांच्या आसपास आला. लोक म्हणाले, वा! पण ५जी चालवायच्या दोन तऱ्हा असतात. एक जुन्या ४जीच्या आधाराने, दुसरी स्वतंत्र. हा फोन दुसरीच ओळखायचा. त्या वेळी जिओचं ५जी स्वतंत्र होतं आणि एअरटेलचं ४जीच्या आधाराचं. म्हणजे एअरटेलवाल्याने ५जी म्हणून घेतला आणि वापरला ४जी.

आत्या : आपल्याकडे जांभ्याच्या भिंतीच्या आत आलं की ४जीचीसुद्धा एक काडी दिसते. मी ५जीचं काय लोणचं घालू? तू सांगतोस ते सगळं खोक्यावरचं. मी खोकं बघून घेतच नाही.

भाचा : मग काय बघून घेतेस?

आत्या : बाहेर मोठ्याने वाजतो का. उन्हात दिसतो का. एकदा चार्ज केला की झोपेपर्यंत जातो का. मराठीत नीट लिहिता येतं का. झालं.

इथे आत्यांनी आपला मुद्दा हातानेच सिद्ध केला, पण उलट बाजूने. त्या आगळाच्या बाटल्या भरत होत्या. भाच्याचा पंधरा हजारांचा फोन घेऊन त्यांनी पदराला पुसलेल्या ओलसर बोटाने आकडे दाबायला सुरुवात केली. ४ दाबला तर ७ उमटला. पुन्हा दाबला तर काहीच उमटलं नाही, आणि मग स्क्रीन आपोआप सरकायला लागली. भाचा हसला.

आत्या : बघ. तुझा पंधरा हजारांचाही अडला.

भाचा : त्याचा दोष नाही. काचेखाली बारीक विजेचं जाळं असतं. बोट टेकलं की तिथला भार बदलतो आणि त्यावरून फोनाला जागा कळते. पाण्याचा थेंबही भार बदलतो, म्हणून फोन गोंधळतो. तुझ्या आगळात तर मीठ. मिठाचं पाणी साध्या पाण्याहून जास्त वीज वाहतं. आता ओल्या बोटांची सोय म्हणून काही फोनांत वेगळी युक्ती घालतात, थोड्या स्वस्त फोनांतही ती आली आहे. पण तुझ्या आगळापुढे तीही हात टेकेल.

आत्या : मग तुझ्या काकाकडचा तो नोकिया बरा होता. पेरूच्या फांदीनेसुद्धा चालला असता.

भाचा : ५२३३. २०१० मध्ये आला होता. त्याची स्क्रीन दाबावर चालायची. वर एक पातळ पापुद्रा, खाली दुसरा. दाबलं की दोन्ही टेकायचे आणि जागा कळायची. नख चालायचं, काडी चालायची, ओलं बोटही चालायचं. पण हलका स्पर्श चालायचा नाही आणि दोन बोटांनी नकाशा मोठा करता यायचा नाही. पुढच्या वर्षी, २०११ च्या ऑक्टोबरात, सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश टॅबलेट आणला. किंमत २,२७६ रुपये, रॅम २५६ एमबी, स्क्रीन तीच दाबाची. पोरं त्यावर बोट घासघासून कंटाळली. तेव्हापासून लोकांच्या मनात बसलं, की स्वस्त टच म्हणजे दाबूनही न ऐकणारा टच.

आत्या : आणि नंतर तो २५१ रुपयांचा आला होता ना?

भाचा : फ्रीडम २५१. २०१६ चा फेब्रुवारी. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं आणि ते पांढऱ्या शाईने खोडलेलं होतं. सामान्य माणसाने तेव्हा एक धडा घ्यायला हवा होता. फोनाची काच, बॅटरी, चिप यांना काही किंमत लागतेच. त्याखाली कोणी विकत असेल तर उरलेले पैसे तो दुसरीकडून काढणार.

आत्या : हे मात्र बाजारातल्या प्रत्येक गोष्टीला लागू. दुसरीकडून म्हणजे कुठून काढतात?

भाचा : जाहिरातींतून. २०१८ मध्ये शाओमीने जाहीरच केलं होतं, की उपकरणांवर निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर घेणार नाही. मग बाकीची कमाई इंटरनेट सेवांतून. स्वस्त फोन चालू केलास की आधीच भरून आलेली ॲप्स, कुलूप उघडायच्या आधी बातम्या, मधेच कर्ज घ्या म्हणून नोटिफिकेशन. आठ हजारांतून वाचलेले पैसे तू रोज डोळ्यांनी फेडतेस.

आत्या : ते बंद करता येतं ना?

भाचा : बरंचसं येतं. पण करतं कोण?

आत्या : तू करून देशील. भाचा कशाला आहेस?

आतापर्यंत भाच्याचं पारडं जड वाटत होतं. मग त्याने स्वतःहून विषय अंगणवाडीवर नेला, आणि तिथे आत्यांना घरचं मैदान मिळालं.

भाचा : स्वस्त फोनाने काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? २०२१ चा ऑगस्ट आठव. फोन परत करायला तूही गेली होतीस.

आत्या : गेले होते. राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. पण का केले ते नीट समजून घे. फोन आले २०१९ मध्ये, लाखाच्या घरात सेविकांना. दोन जीबी रॅम. तेव्हा जे ॲप होतं त्याच्यापुरता फोन बरा चालायचा. मग २०२१ च्या मार्चात केंद्राचं पोषण ट्रॅकर आलं. फोन तेच, आणि मुलांची वजनं, उंच्या, गरोदर बायका, स्तनदा माता, घरी न्यायचा आहार, सगळं त्यात भरा. फोन तापायचा, अडकायचा, एका बाईची नोंद करून दुसरीकडे जावं तर पहिली गायब. तोवर वॉरंटी संपलेली. दुरुस्तीचे पैसे मानधनातून. वर माहिती इंग्रजीतून भरा म्हणे! इंग्रजीशी फारसा संबंध न आलेल्या बायका आमच्यात होत्या. ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

भाचा : म्हणजे फोन कमी पडला. मी वेगळं काय म्हणतोय?

आत्या : फोन होता तेवढाच होता रे. कमी पडला नाही, त्याच्यावर ओझं वाढवलं. वाढवताना फोनाकडे कोणी बघितलं नाही आणि बाईकडेही नाही. त्यामुळे फोन वाईट की चांगला, असं नुसतं विचारूच नये. कुठल्या कामाला, ते आधी ठरवावं. मी पोषण ट्रॅकर भरणार नाही. माझं काम पाहुणे, पैसे, फोटो आणि वर्षातून कधीतरी कलमांची नोंद.

भाचा : पण काम वाढतंच, आत्या. तू सोडलंस तेव्हा होतं त्याहून ते ट्रॅकर आता जड झालंय. आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा कॅमेऱ्याने ओळखावा लागतो. तुझ्या ॲपांचंही तेच. पैसे पाठवायचं ॲप आधी फक्त पैसे पाठवायचं. आता त्याच्यात सोनं, विमा, कर्ज, गॅसचं बिल. ॲप दरवर्षी फुगतं, फोन आहे तेवढाच राहतो. आज बरोबर मापाचा घेतलास तर दोन वर्षांनी तो आखूड होणार. वाढत्या पोराला सदरा घेताना आपण दोन बोटं सैलच घेतो ना?

आत्या : हं. हे तुझं पटलं. मग सैल किती घ्यायचा तेवढं सांग. तू तर दुप्पट मापाचा सांगतोयस.

या प्रश्नाने वादाची दिशा बदलली. तोवर स्वस्त की महाग असं चाललं होतं. आता किती पुरे, याचा हिशेब सुरू झाला.

भाचा : रॅम खरी चार जीबी. दोनवाला फोन आता घेऊच नये. २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला तोही दोन जीबीचा होता. किंमत ६,४९९. हप्त्यावर घेतला तर १,९९९ आणि वर प्रक्रिया शुल्क भरून हातात मिळायचा, पण इंटरनेट जिओच्याच सिमवर चालायचं. मराठीत वाचून दाखवणं, भाषांतर करणं, अशा कल्पना चांगल्या होत्या. फक्त त्याच सुमाराला थोड्या जास्त पैशांत मोठ्या स्क्रीनचे फोन मिळत होते, आणि लोक तिकडे वळले.

आत्या : हप्त्याचं काढू नको. फोन मेला तरी हप्ता जिवंत राहतो.

भाचा : दुसरं स्टोरेज. ६४ जीबीवर समाधान मानू नको, १२८ घे. सुप्रभातचे फोटो आणि सत्यनारायणाचे व्हिडिओ यांनीच फोन भरतो. काठोकाठ भरला की सगळ्यात आधी पैशांचं ॲप उघडायला वेळ लावतं, आणि नेमका तेव्हा पाहुणा दारात.

आत्या : पुढे.

भाचा : तिसरं, सुरक्षा अपडेट. हे खोक्यावर नसतं, विचारावं लागतं. बँकेची ॲप्स जुन्या अँड्रॉइडवर एक दिवस चालेनाशी होतात. फोन चांगला असतो, काच धड असते, आणि तरी तो कामातून जातो. आधी स्वस्त फोनांना कोणी विचारत नव्हतं. २०२५ च्या फेब्रुवारीत सॅमसंगचा एम०६ आला. ऑफर धरून साडेनऊ हजारांच्या आसपास, आणि कंपनीने चार वर्षं सुरक्षा अपडेट कबूल केले. म्हणजे बारा-तेरा हजारांच्या खाली ते होत नाही, असं आता मीसुद्धा म्हणू शकत नाही.

आत्या : बघ, आलास खाली!

भाचा : थोडा आलो. पण सात हजारांवर नाही.

आत्या : आता माझं ऐक. मागे एकदा मी कलमांची ई-पीक पाहणी करायला एकटीच वर गेले. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ते शेतकऱ्याने स्वतः करायचं झालंय. आपल्याच बागेत उभं राहून आपल्याच झाडाचा फोटो काढायचा, म्हणजे सातबाऱ्यावर नोंद होते. भर दुपार. स्क्रीनवर माझंच तोंड दिसत होतं, ॲप दिसत नव्हतं. पदर डोक्यावरून पुढे ओढून त्याच्या सावलीत फोन धरला, तेव्हा ‘स्थान शोधत आहे’ असं दिसलं. ते गोल फिरतंय, फिरतंय. झाडाखाली शोधेना. उघड्यावर कातळावर आले तर सापडलं, पण तिथे स्क्रीन दिसेना. आता सांग, तुझ्या त्या चार जीबीने यातलं काय सुटलं असतं?

भाचा : काहीच नाही. तो प्रश्न उजेडाचा. स्क्रीन किती उजळते ते निट्समध्ये मोजतात. स्वस्त फोन चारशे-पाचशेवर थांबतात. हजाराच्या आसपास जाणारा असेल तर उन्हात पदर ओढावा लागत नाही. आणि जागा शोधायचं काम चिपवर आणि अँटेनावर. तेही स्वस्तात जरा दमानेच.

आत्या : मग हे दुकानदार का सांगत नाही? तो ट्यूबलाइटखाली फोन दाखवतो. ट्यूबलाइटखाली सगळेच गोरे.

भाचा : दुकानातून बाहेर रस्त्यावर नेऊन बघायचा. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या चौकात दुपारी बाराला उभं राहून स्क्रीन वाचता आली तर घ्यायचा. कोणी नको म्हणत नाही. आपल्यालाच लाज वाटते.

आत्या : मला नाही वाटत. भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघते मी. आता बॅटरीचं बोल.

भाचा : तिथे तुझी बाजू खरी. स्वस्त फोनातही पाच हजार एमएएचची बॅटरी मिळते. स्क्रीनचे ठिपके कमी, चिप हळू, त्यामुळे वीज कमी खातो. बऱ्याचदा महागापेक्षा स्वस्तच जास्त टिकतो.

आत्या : २०२० च्या ३ जूनला निसर्ग आलं आणि पुढच्याच मेमध्ये तौक्ते. लाइट गेली की किती वेळ गेली ते महावितरणलाही सांगता येत नाही. त्या वेळी पोरं मुंबईहून फोन करतात. मला तेव्हा कॅमेरा नको असतो, फोन लागायला हवा असतो.

भाचा : बरोबर. पण एक विसरतेस. मधे तासभर लाइट आली तर? स्वस्त फोन दहा वॅटने भरतो, पूर्ण व्हायला तीन तासांच्या आसपास लागतात. तासाभरात तिसरा हिस्सा. तेहतीस वॅटवाला तेवढ्यात पाऊणाच्या वर भरेल. मधला अठरा वॅटचा मिळाला तरी चालेल, पण दहाचा नको. आणि चार्जिंगचं तोंड टाइप-सी हवं. जुन्या बारीक पिनेची तोंडं माझ्याकडे रोज येतात. आपल्या किनाऱ्याची हवा खारी, दमट. पिनेवर हिरवट बुरशीसारखं चढतं, धातू खातं. मग लोक ‘चार्जर गेला’ म्हणून नवा चार्जर घेतात आणि फोन तसाच.

आत्या : पाण्यापासून वाचतो असं खोक्यावर लिहितात ना?

भाचा : आयपी ५२, आयपी ५४ असं लिहितात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५२ म्हणजे वरून ठिबकणारं पाणी थोडं चालेल. ५४ म्हणजे चहूकडून उडालेले शिंतोडे चालतील. पण ती तपासणी गोड्या पाण्याने करतात, समुद्राच्या नाही. आणि आत पाणी गेलं तर वॉरंटी सहसा हात वर करते. किनाऱ्यावर फोन पडला की आधी बंद करायचा, चार्जिंगला अजिबात लावायचा नाही. तांदळात पुरून काही होत नाही, नुसते कण आत जातात.

आत्या : आणि काच फुटली तर?

भाचा : आता हिशेब करू. आठ हजारांचा फोन दोन वर्षं गेला तर वर्षाला चार हजार. तेरा हजारांचा चार वर्षं गेला तर वर्षाला सव्वातीन हजार. महागच स्वस्त पडला की नाही?

आत्या : ‘गेला तर’! चिऱ्यावर पडल्यावर काच किंमत बघून फुटत नाही. तेराचा पहिल्याच वर्षी फुटला तर त्याची काच स्वस्त मिळणार आहे का?

भाचा : नाही. जास्तीच पडेल.

आत्या : मग? माझ्यासारखीच्या हातून फोन पडतो, भिजतो, पाहुण्यांच्या पोरांच्या हातात जातो. जिथे पडायची खात्री आहे तिथे पाच हजार जास्त टांगणीला का लावायचे? ते पाच हजार मी पोस्टात ठेवीन. आणि आठ हजारांतही सरकारचे जातातच की.

भाचा : जातात. १८ टक्के जीएसटी. ८,००० च्या फोनात १,२२० रुपये कर.

आत्या : मग जुना घेतला तर? तुझ्याकडे येतात ना, एखाद-दोन वर्षं वापरलेले चांगले फोन?

भाचा : येतात, आणि घ्यायला हरकत नाही. पण चोरीचा नाही ना, ते आधी बघायचं. फोनावर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर मेसेज करायचा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. आणि बॅटरी जुनी म्हणून बदलायची तयारी ठेवायची. काही शे वेळा भरली-रिकामी झाली की लिथियमची बॅटरी उतरायला लागते, फोन कितीही भारी असो.

आत्या : नको. दुसऱ्याच्या वापरलेल्या फोनात काय काय असेल, देव जाणे. मला नवाच हवा. एक विचारू? माझं सिम बीएसएनएलचं आहे. ते चालेल ना?

भाचा : हे तू बरं विचारलंस, दुकानात कोणी विचारत नाही. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २०२५ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं. ते मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर. ७०० म्हणजे बँड २८. ही लहर लांब जाते आणि भिंतीतून जास्त शिरते, म्हणजे तुझ्या जांभ्याच्या घराला तीच हवी. काही स्वस्त फोनांत नेमका बँड २८ नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर फोनाच्या माहितीत बँडची यादी असते, तिच्यात २८ शोधायचा. नसेल तर फोन कितीही चांगला असो, आपल्या घरात तो मुका.

आत्या : म्हणजे इतका वेळ तू रॅम-रॅम करत होतास आणि खरी गोष्ट शेवटी सांगितलीस!

भाचा : तू सिम कुठलं ते आधी कुठे सांगितलंस?

शेवटी दोघांनी मिळून कागदावर अटी लिहिल्या. रॅम खरी चार जीबी, स्टोरेज १२८, बँड २८, टाइप-सी, अठरा वॅटच्या खाली चार्जिंग नको, सुरक्षा अपडेट किमान तीन वर्षं, आणि त्या मॉडेलची काच रत्नागिरीत मिळते की नाही ते आधी विचारायचं. सात-आठवर आत्या अडून बसल्या होत्या, बारा-तेरावर भाचा. अटींत बसणारे फोन नऊ-दहा हजारांच्या आसपास निघाले. आत्यांनी त्यात स्वतःची एक अट घातली : दुकानदाराने फोन उन्हात नेऊ दिला पाहिजे. भाच्याने त्यात आपली एक घातली : घरी आल्यावर जाहिराती आणि नको ती ॲप्स तो काढून देणार, आणि तोवर आत्यांनी बँकेचं ॲप उघडायचं नाही.

कोणाचं बरोबर ठरलं? भाच्याचं एवढं खरं, की फोन विकत घेताना आजच्या कामाचं माप धरलं तर ते दोन वर्षांत आखूड होतं. अंगणवाडीच्या फोनांचं तेच झालं. आत्यांचं एवढं खरं, की माप खोक्यावरच्या आकड्यांचं नसून आपल्या घराचं, सिमचं, उन्हाचं आणि हाताचं असायला हवं. पुण्याच्या वातानुकूलित दुकानात उत्तम ठरलेला फोन मालगुंडच्या जांभ्याच्या भिंतीआड निकामी ठरू शकतो, आणि उलटही.

स्वस्त फोन घेणाऱ्या वाचकाला म्हणून एवढंच सांगायचं. दुकानात जाताना आपलं सिम बरोबर न्या, ते घालून एक फोन लावून बघा. रस्त्यावर उन्हात स्क्रीन वाचा. ओलं बोट पुसून आकडे दाबून बघा. ‘ज्ञानेश्वरी’, ‘कृष्णाजी’, ‘रत्नागिरी’ असे शब्द मराठीत लिहून बघा. खोक्यावरचा आणि फोनावरचा आयएमईआय जुळतो का ते पाहा, आणि तो नंबर छापलेलं पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी नाही. एवढं करून दहा हजारांच्या आतला फोन दोन पावसाळे नीट चालला तर तो स्वस्त. पहिल्याच पावसाळ्यात रत्नागिरीच्या फेऱ्या मारायला लावल्या, तर तो कितीला मिळाला हे विसरा, तो महागच पडला.